मनालीला निघालेल्या मालवणच्या पर्यटन व्यावसायिकांना खुले पत्र

तारकर्ली, देवबाग, वायरी, दांडी आणि मालवण धक्क्यावरच्या माझ्या बोटवाल्या, स्कूबावाल्या, खानावळवाल्या आणि न्याहारी निवासवाल्या बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मे सरत आला. बोटी किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, इंजिने उतरवायची, पॅरासेलिंगची छत्री गोड्या पाण्यात धुऊन वाळवायची, झापांनी पडव्या शाकारायच्या ही कामे उरकली की आपल्या घराघरांत एकच विषय निघतो. आता ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद, तर जायचे कुठे? यंदा बहुतेकांच्या तोंडी मनाली आहे. कुणी जूनचे बुकिंग केले आहे, कुणी जुलैअखेरचा स्वस्त दर बघून ठेवला आहे. आमच्या वाडीतल्या बायकांबरोबर मी मनाली पाहून आले आहे आणि तिथून आल्यापासून तुमच्याशी बोलायचे मनात आहे. उघड पत्रच लिहिते, म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचेल.

आपण वर्षाचे आठ-नऊ महिने पाहुणे सांभाळतो. पाहुणा कसा असावा आणि कसा नसावा, हे आपल्याइतके कुणाला कळणार? तेव्हा तिथे आपण तसे पाहुणे होऊया, जसे आपल्या दारात यावेत असे आपल्याला वाटते. आणि बघताना धंदेवाल्याच्या डोळ्यांनी बघूया. मनाली हे आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून पर्यटनावर जगणारे गाव आहे. त्याने काय कमावले आणि काय गमावले, दोन्ही रस्त्यावर दिसते.

आधी तारखेचे बोलते, कारण तिथेच आपली फसगत होण्याची भीती आहे. जुलैअखेरचा स्वस्त दर उगाच स्वस्त नसतो. हिमाचलात पाऊस जूनच्या शेवटी पोचतो आणि मग डोंगर रस्त्यावर उतरतो. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने कुल्लू-मनाली रस्त्याचे लांबच लांब तुकडे वाहून नेले आणि हजारो पर्यटक वर अडकले. शिवाय १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात तिथे पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंग सरकारी हुकुमाने बंद असते, जशी आपल्याकडे बोट बंद असते तशीच. या दोन महिन्यांत कुणी कोपऱ्यात बोलावून ‘चलो, करा देंगे’ म्हणाला, तर तो कोण आहे हे आपण लगेच ओळखायला हवे. बंदीच्या काळात पाहुण्याला गुपचूप पाण्यात नेणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते आठवा. त्याच्याबरोबर जाऊ नका.

म्हणून जायचे तर जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत जा. गर्दी असेल, कारण उत्तरेकडच्या शाळांना तेव्हाच सुट्टी असते. दरही चढे असतील. आपल्या मे महिन्यातल्या दरांची तक्रार करणाऱ्या पाहुण्याला आपण जे समजावतो, तेच तेव्हा स्वतःला समजवायचे. ज्यांची भातशेती आहे त्यांची पेरणी नेमकी याच दिवसांत येते, त्यांच्यापुढे खरी अडचण आहे आणि तिच्यावर माझ्याकडे तोड नाही. घरातल्या दोघांनी पाळी वाटून घ्यावी, एवढेच सुचते.

प्रवासाचे फार लिहीत नाही. दिल्ली किंवा चंदीगड गाठायचे आणि तिथून रात्रीच्या बसने वर चढायचे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागू होते आणि गाड्या धीम्या होतात, तेव्हा पुढच्या बसचे तिकीट काढताना हातात भरपूर वेळ ठेवा. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जाणाऱ्या स्कूबावाल्या मुलांना मात्र एक सांगायचे आहे, आणि ते त्यांना माहीत असूनही सांगते. हंगामाच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत डाइव्ह करून रात्रीचे विमान पकडू नका. दिवसभर डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात. डोंगर चढण्यालाही हाच हिशेब लागू आहे. पाहुण्यांना तुम्ही हे रोज सांगता, स्वतःच्या बाबतीतही पाळा.

उंचीचा त्रास आपल्याला इतरांपेक्षा लवकर होईल असे धरूनच चाला. आपण समुद्रसपाटीवर जन्मलेली, वाढलेली माणसे. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे, तिथवर ठीक. पण रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे आणि गाडी तिथे काही तासांत नेऊन सोडते. डोके ठणकणे, मळमळ, चार पावलांत धाप ही तिथली नेहमीची लक्षणे. पहिल्याच दिवशी वर धावू नका. एक-दोन दिवस मनालीत काढा, पाणी पीत राहा, दारू बाजूला ठेवा, आणि त्रास वाढला तर वेळ न घालवता खाली या. छातीत दम कितीही असो, खाली समुद्रात कमावलेला दम त्या विरळ हवेत उपयोगी पडत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे येते. पाणी.

आपल्याला वाटते, आपण दर्यातली माणसे, आपल्याला नदीचे काय भय! कर्ली नदीच्या मुखावर भरती-ओहोटीची ओढ कशी फिरते, ते देवबागचे पोरही सांगेल. पण बियासचे पाणी आपल्या ओळखीचे नाही. ते वितळलेल्या बर्फाचे पाणी आहे. त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच वेळात कामातून जातात, पट्टीचा पोहणारा असला तरी. सकाळी गुडघाभर दिसणारे पात्र दुपारी चढते, कारण वर उन्हाने बर्फ वितळलेला असतो. तळाला गोटे, त्यांवर शेवाळ, आणि धार अशी की उभे राहणे मुश्कील. आणि वर धरणे आहेत. ८ जून २०१४ या दिवशी मनालीला निघालेल्या हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांचा गट मंडी जिल्ह्यात थलौटजवळ नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरला. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटले. २४ विद्यार्थी वाहून गेले, त्यांच्यासोबत सहलीचा एक माणूसही. शेवटचा देह मिळेपर्यंत कित्येक आठवडे शोध चालला होता.

हे वाचताना तुम्हाला काय आठवले असेल, मला माहीत आहे. एप्रिल २०१७. वायरीच्या समुद्रात बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले ८ जण बुडाले. आपल्यातले किती जण त्या दिवशी पाण्यात धावले होते. ती मुले वाईट नव्हती. त्यांना ते पाणी ठाऊक नव्हते, इतकेच. बियासच्या काठी आपण नेमके तसेच असणार, पाणी ठाऊक नसलेले. म्हणून तिथला ढाबेवाला, मेंढपाळ, रस्त्यावरचा पोलीस कुणीही ‘नीचे मत जाओ’ म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरा. आपल्या किनाऱ्यावर लाल बावटा लावलेला असताना पाहुणे हसत पाण्यात शिरतात, तेव्हा आपला जीव किती तळमळतो! त्या माणसाच्या जागी आपण स्वतःला ठेवले तरी पुरे.

साहसाचे खेळ करू नका असे मी मुळीच म्हणत नाही. मनालीजवळच्या सोलांगला जाऊन पॅराग्लायडिंगने उडायलाच हवे. डोंगराच्या उतारावरून पाय सुटतात आणि खाली देवदारांचे शेंडे दिसतात, तो आनंद मी घेतला आहे. पण उडण्याआधी वैमानिकाला विचारा: पर्यटन खात्याची नोंदणी आहे का, परवाना दाखवता का, विमा आहे का, जादाची छत्री सोबत आहे का? हेल्मेट आणि हार्नेस आपल्या हातांनी ओढून बघा. दोरी आणि बकल यांची पारख आपल्याला असते, तिचा उपयोग करा. शक्यतो सकाळी उडा. दुपारी खोऱ्यात वारा चढतो आणि झोके येतात. राफ्टिंगला पिरडीजवळून बसाल तेव्हा जॅकेट छातीशी घट्ट बसते का ते पाहा आणि आत किती माणसे घेतात ते मोजा. जास्त वाटली तर उतरा. पैसे बुडाले तर बुडाले.

आणि हे विचारताना आपल्याकडेही बघा. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले. त्यानंतर काही दिवस आपण सगळे जॅकेटबद्दल, माणसांच्या संख्येबद्दल कडक झालो होतो. आज मोसमातल्या रविवारी धक्क्यावर उभे राहून बघितले तर ती कडकाई किती उरली आहे, हे प्रत्येकाने आपल्या बोटीपुरते सांगावे. सोलांगच्या पोराला आपण जो प्रश्न विचारणार, तो आपल्याला विचारणारा पाहुणा आपण कटकट्या मानतो. तसे मानू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

रोहतांगला जायला परवाना लागतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने दिवसाला १,२०० पर्यटक गाड्यांचीच मर्यादा आहे, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी बंद असतो. धुराची काजळी बर्फावर बसून बर्फ लवकर वितळतो, म्हणून ही मर्यादा आली. सुरुवातीला तिथल्या टॅक्सीवाल्यांनी तिला कडाडून विरोध केला. त्यांची चूल त्या रस्त्यावर पेटते, त्यांचा राग मी समजू शकते. पण खिंड अजून उभी आहे आणि माणसे अजून येतात. परवाना संकेतस्थळावर मिळतो, मधल्या माणसाला जादा पैसे देऊन गर्दीत घुसू नका. नाही मिळाला तर अटल बोगद्यातून पलीकडे जा. ३ ऑक्टोबर २०२० पासून हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा खुला आहे. या तोंडाला हिरवी कुल्लू खोरी आणि त्या तोंडाला लाहौलचे उघडे, कोरडे डोंगर. काही मिनिटांत जग बदलते. पलीकडचे सिस्सू हे लहानसे गाव आहे. बोगदा होण्याआधी हिवाळ्यात सहा-सहा महिने ते जगापासून तुटलेले असायचे, आज तिथे गाड्यांची रांग लागते. त्या गावच्या बायकांशी बोला. देवबागला पहिली मोठी गर्दी आली तेव्हा आपल्याला जे वाटले होते, आनंदही आणि धास्तीही, तेच त्यांच्या बोलण्यात मला ऐकू आले.

देवबागजवळच्या आपल्या सुनामी बेटावर एका वेळी किती माणसे उतरावीत, हे आजवर आपण ठरवले आहे का? बाहेरच्या लवादाने येऊन ठरवण्याआधी आपण ठरवले तर बरे.

देवळांचे थोडे लिहिते, कारण तिथे मला सगळ्यात जास्त आपलेपण वाटले. मनालीतल्या ढुंगरीच्या देवदार रानात हिडिंबेचे लाकडी देऊळ आहे, १५५३ साली राजा बहादुर सिंह याने बांधलेले. एकावर एक उतरत्या छपरांचे, दारावर दाट कोरीवकाम, आत मूर्तीपेक्षा मोठी अशी एक शिळा. भीमाची बायको ती, पण तिथल्यांना ती कुलाची आजी. कुल्लूचा दसरा ती आल्याशिवाय सुरू होत नाही. आणि तो दसरा आपला संपतो त्या दिवशी सुरू होतो, सात दिवस चालतो. गावोगावचे देव आपापल्या पालख्यांत, म्हणजे ते ज्याला रथ म्हणतात त्यात बसून, ढालपूरच्या मैदानावर रघुनाथाला भेटायला येतात. देव अंगात येणारा ‘गुर’ असतो आणि गाव त्याचे ऐकते. दसऱ्याला देवांचे तरंग म्हणजे सजवलेले खांब निघतात, अवसार म्हणजे देवाचा संचार येतो, गाऱ्हाणे घातले जाते हे सगळे पाहत वाढलेल्या आपल्याला वेगळे काय सांगू? मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत मकरसंक्रांतीपासून ४२ दिवस गाव आवाज करत नाही. टीव्ही नाही, वाद्य नाही, शेतात अवजार नाही. देव स्वर्गात गेलेले असतात, त्यांना त्रास नको. आपल्या आचऱ्याची गावपळण, म्हणजे देवाच्या कौलाने सगळे गाव काही दिवस वेशीबाहेर राहायला जाते ती रीत, ज्याने पाहिली आहे, त्याला यात काहीच विचित्र वाटणार नाही. बाहेरून येऊन गावपळणीची थट्टा करणारे आपल्याला आवडत नाहीत. तिथल्या देवळांत काही ठिकाणी बाहेरच्यांनी शिवायचे नसते, काही ठिकाणी चामड्याचा पट्टा काढावा लागतो. न विचारता फोटो काढू नका. ढुंगरीच्या रानात बसून चिवडा खाल्लात तर पिशवी खिशात घाला. देवराईत आपण काय टाकतो आणि काय टाकत नाही, तोच नियम.

आता खरेदी. हा विषय बायकांचा म्हणून हसण्यावारी नेऊ नका, यात आपल्या पोटाचा प्रश्न दडलेला आहे.

मॉल रोडवर शाल-स्टोलच्या ढिगांनी दुकाने भरलेली असतात. ‘पश्मीना’ म्हणून काही शेकड्यांत जे गळ्यात घालतात ते पश्मीना नसते, एवढे पक्के धरा. खरी कुल्लू शाल हातमागावर विणतात. अंग साधे आणि दोन्ही टोकांना भौमितिक नक्षीचे भडक रंगांचे पट्टे. एका नक्षीदार शालीला विणकर बाईचे कित्येक दिवस जातात. तिला भौगोलिक मानांकन आहे. पण यंत्रमागावर काढलेला माल बाहेरून येतो आणि ‘कुल्लू’ नावाने स्वस्तात विकला जातो, विणकर बाई मात्र बसून राहते. आपल्या हापूसचे काय झाले ते आठवा. २०१८ साली कोकणच्या हापूसला मानांकन मिळाले, तरी मार्च-एप्रिलमध्ये पेटीवर ‘देवगड’ छापून परराज्यातला आंबा विकला जातोच ना? गिऱ्हाईक म्हणते, आम्हाला काय कळते, स्वस्त मिळाला, घेतला. ते ऐकून बागायतदाराचा जीव तुटतो. मनालीत आपण ते गिऱ्हाईक होऊ नये. घ्यायची तर एकच घ्या, पण विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानातून घ्या. भुट्टी गावच्या विणकरांची ‘भुट्टिको’ १९४४ पासून आहे, मनालीतही तिचे दुकान आहे, दर ठरलेला असतो. हातमागाची खूण आणि मानांकनाची चिठ्ठी मागा, कापड उलटे करून बघा. शाल परवडत नसेल तर टोपी घ्या, पट्टीचा मफलर घ्या. पाच बनावट शाली वाटण्यापेक्षा एक खरी टोपी सासऱ्यांना दिली तर ती वर्षानुवर्षे डोक्यावर राहील.

फळांच्या बाबतीतही असेच. जूनमध्ये सफरचंद पिकत नाही, तेव्हा ताजे म्हणून कुणी दिले तर ते शीतगृहातले. त्या दिवसांत चेरी, आलुबुखार, जर्दाळू असतात, त्या खा. गावातल्या घरी सिड्डू मिळाला तर सोडू नका. आंबवलेल्या कणकेचा, आत अक्रोड-खसखस भरून उकडलेला, वर तूप. आमच्यातल्या एका मावशीने पहिल्याच संध्याकाळी विचारले, “थंय मासे गावतले काय गो?” गावतात. ट्राउट गावतो, पाटलीकुहलला त्याची सरकारी पैदास आहे. गोड्या पाण्याचा मासा, चव हलकी, मालवणी वाटणात बुडवायचा नाही. ते जसे करतात तसाच खा आणि मग बोला. आपल्याकडे येऊन पनीर मागणाऱ्यांना आपण काय सांगतो?

शेवटी धंद्याच्या दोन गोष्टी मुद्दाम बघून या. पहिली, टॅक्सी युनियनचा दरफलक. कुठून कुठे किती पैसे, हे लिहिलेले असते आणि गाड्या पाळीने लागतात. त्यांच्याविरुद्धही तक्रारी आहेत, ओला-उबेरशी भांडणे आहेत, ते सगळे विचारा. पण एकाच धक्क्यावर एकाच फेरीचे चार दर सांगून एकमेकांचे पाहुणे ओढायचे, ही आपली रीत त्यापुढे मला फार खुपली. दुसरी गोष्ट जमिनीची. हिमाचलात १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचे कलम ११८ आहे. त्या राज्यात शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जमीन विकत घेता येत नाही. बाहेरचे लोक हॉटेले भाड्याने चालवतात, पण खालची जमीन बहुधा गावच्याच नावावर राहते. किनाऱ्यालगतचा एकेक तुकडा कुणाच्या नावावर गेला ते आपण रोज बघतो आहोत. तिथल्या एखाद्या वयस्क घरमालकाशी या कलमावर तासभर बोला. त्यात पळवाटा कशा काढतात तेही तो सांगेल.

माझी एक विनंती आहे. जाऊन आलात की नारळी पौर्णिमेच्या आधी एक संध्याकाळ बसू. पाऊस असेल, माझी पडवी मोठी आहे, पाहुणे नसतील. प्रत्येकाने तिथल्या दरफलकाचे, नोंदणीच्या पाट्यांचे, सुरक्षेच्या सूचनांचे फोटो आणावेत. त्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून उठू: धक्क्यावर सगळ्यांचा एकच दरफलक, बोटीमागे माणसांची संख्या मोठ्या अक्षरांत बोटीवरच लिहिलेली, आणि सुनामी बेटावर एका वेळी किती बोटी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर नक्कीच यावे. त्यांच्याशिवाय ठरलेले काही सप्टेंबरपर्यंतही टिकणार नाही.

आपली,
देवबागमधील एक न्याहारी निवासवाली